प्रादेशिक पोलीस मुख्यालयाची जागा कशी ठरवावी

पोलीस ठाण्याची जागा चुकली, तर त्याचा त्रास ठरावीक वस्तीला होतो आणि तो लवकरच बोलून दाखवला जातो. प्रादेशिक मुख्यालयाची जागा चुकली, तर त्रास इतका विखुरतो की वर्षानुवर्षे तो कोणाच्याच हिशेबात येत नाही. दूरच्या टोकाचा अधिकारी दर आठवड्याला अर्धा दिवस गाडीत घालवतो, मुद्देमाल घेऊन निघालेली गाडी अख्खा दिवस मोडून परत येते, आणि एखाद्या महापुराच्या रात्री असे कळते की नियंत्रण कक्षाकडे जाणारा रस्ता एकच होता आणि तो पाण्याखाली गेला आहे. अशी इमारत एकदा उभी राहिली की चाळीस-पन्नास वर्षे तरी हलत नाही. निवड समितीवर काम करणारे पोलीस अधिकारी, नियोजनकार आणि लोकप्रतिनिधी यांना हाताशी धरता यावी, अशी या कामाची क्रमवार मांडणी येथे केली आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला सारला पाहिजे. ‘मुख्यालय मध्यभागी असले म्हणजे पोलीस लवकर पोहोचतील’ हे वाक्य अशा जवळजवळ प्रत्येक चर्चेत ऐकू येते. घटनास्थळी धावतात ती गस्तीवरची वाहने आणि ठाण्यांमधले कर्मचारी. मुख्यालयातून थेट घटनास्थळी जाणारी पथके फार थोडी असतात. नागरिकांना मदत किती मिनिटांत मिळते, हा ठाण्यांच्या जाळ्याचा आणि गस्तीच्या आखणीचा प्रश्न आहे. मुख्यालयाबाबत विचारायचा प्रश्न उलट्या दिशेने जातो: तेथे कोणाला, किती वेळा आणि कशासाठी यावे लागते, आणि सगळे काही बिघडलेल्या दिवशीही तेथे काम चालू राहील का?

मुख्यालयाचे आधी तुकडे करा

‘मुख्यालय’ हा एकच शब्द असला तरी त्याच्या पोटात दहा-बारा निरनिराळी कामे असतात. वरिष्ठ अधिकाऱ्यांची कार्यालये, आस्थापना आणि लेखा, नियंत्रण कक्ष, गुन्हे अन्वेषणाच्या विशेष शाखा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, मुद्देमाल कक्ष, शस्त्रागार, राखीव दल, श्वान पथक, वाहनांचा तळ आणि कार्यशाळा, गणवेश आणि साहित्याचे भांडार, प्रशिक्षण केंद्र, गोळीबाराचे मैदान, शिवाय परवाने आणि दाखले देणाऱ्या नागरिकांसाठीच्या खिडक्या. ही सगळी कामे एकाच आवारात हवीत असे गृहीत धरले, की मोठ्या भूखंडाची अट आपोआप येते. मोठा भूखंड गावाबाहेरच मिळतो, आणि समितीने एकही निर्णय न घेता निर्णय होऊन जातो.

म्हणून पहिले काम कागदावरचे आहे. प्रत्येक कामासमोर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हे काम कोणाच्या शेजारी असलेच पाहिजे? त्याला कसली आणि किती जागा लागते? आणि ते किती वेळ बंद राहिले तर चालेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सगळेच देतात, तिसरा बहुधा राहून जातो, आणि जागेचा निकाल खरे तर त्यावरच लागतो. लेखा विभाग आठवडाभर बंद राहिला तर पगार उशिरा होतील. भांडार तीन दिवस बंद राहिले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. नियंत्रण कक्ष मात्र पाच मिनिटेसुद्धा बंद राहून चालत नाही. ज्या कामाला थांबणे परवडत नाही त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित जागा शोधावी लागते, आणि ज्याला परवडते त्याच्यासाठी सोयीची जागा पुरते. दोघांनाही एकाच निकषाने मोजले, तर एक तर भांडारावर वायफळ खर्च होतो, नाही तर नियंत्रण कक्ष धोक्यात राहतो.

धावणाऱ्या पथकांचा विचार तर पूर्णपणे वेगळा करावा. नॉर्वेमध्ये २२ जुलै २०११ रोजी ऑस्लोतील बॉम्बस्फोट आणि उतोया बेटावरील गोळीबार या हल्ल्यांनंतर पोलिसांच्या तयारीवर कठोर टीका झाली. त्यानंतर तेथे विशेष सशस्त्र पथक, बॉम्बशोधक पथक, हेलिकॉप्टर सेवा आणि वाटाघाटी करणारे अधिकारी यांच्यासाठी ऑस्लोच्या दक्षिणेला तारालरूद येथे, महामार्गालगत स्वतंत्र तळ बांधण्यात आला आणि २०२० मध्ये तो वापरात आला. हेलिकॉप्टरला मोकळे आकाश हवे असते आणि जड वाहनांना महामार्ग हवा असतो; लेखा अधिकाऱ्याला यातले काहीच लागत नाही. ज्याची गरज वेगळी त्याची जागाही वेगळी असू शकते, हे एकदा मान्य केले की उरलेल्या मुख्यालयाची अट बरीच सैल होते. अर्थात तुकडे करण्याचा अतिरेकही नको. तपास करणाऱ्या शाखा, गुन्ह्यांच्या माहितीचे विश्लेषण करणारे आणि नियंत्रण कक्ष यांच्यात रोज जे अनौपचारिक बोलणे होते, ते तीन इमारतींत विखुरल्यावर दूरध्वनीवर तितके होत नाही.

येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजणी

दुसरी पायरी म्हणजे प्रवासाची नोंद. मागील वर्षाच्या वाहन नोंदवह्या, बैठकांची हजेरी, मुद्देमाल जमा केल्याच्या नोंदी, प्रशिक्षणाचे वेळापत्रक आणि अभ्यागतांची नोंदवही, एवढ्यावरून कोणत्या गावातून मुख्यालयात दरमहा किती फेऱ्या होतात याचा बऱ्यापैकी खरा अंदाज येतो. नोंदवह्या अपुऱ्या असतील तर चार आठवडे प्रत्यक्ष मोजणी करावी. लोकसंख्येचा आकडा घेऊन ही मोजणी टाळू नये. मोठ्या शहरातले लोक मुख्यालयात जास्त येतातच असे नाही, कारण मोठ्या शहराची स्वतःची यंत्रणा बऱ्याचदा पुरेशी असते.

अंतर मोजताना किलोमीटर सोडून मिनिटे धरावीत, आणि तीही गर्दीच्या वेळेची. यानंतर जो पेच येतो त्यावर रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. एस. एल. हकिमी यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात रस्त्यांच्या जाळ्यात पोलीस ठाणे कोठे बांधावे, हे उदाहरणच घेतले होते. त्यांनी दोन निरनिराळ्या बिंदूंची मांडणी केली: सर्वांचा मिळून एकूण प्रवास ज्याच्यामुळे सर्वांत कमी होतो तो एक, आणि सर्वांत दूर असलेल्याचा प्रवास ज्याच्यामुळे सर्वांत कमी होतो तो दुसरा. हे दोन बिंदू बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येत नाहीत, आणि समितीतले निम्मे वाद याच कारणाने होतात. एक सदस्य पहिल्याबद्दल बोलत असतो, दुसरा दुसऱ्याबद्दल, आणि दोघेही ‘मध्यवर्ती’ हाच शब्द वापरत असतात.

एक काल्पनिक प्रदेश घेऊन हे पाहू. अ, ब, क आणि ड अशी चार गावे आहेत आणि त्यांतून मुख्यालयात दरमहा अनुक्रमे ५००, २५०, १५० आणि १०० फेऱ्या होतात. अ ते ब ६० मिनिटे, अ ते क ९०, ब ते क ५०, ब ते ड ९०, क ते ड ७०, आणि अ ते ड, ब मार्गे, १५० मिनिटे लागतात. मुख्यालय अ येथे ठेवले, तर एका बाजूचा एकूण प्रवास महिन्याला ४३,५०० मिनिटे, म्हणजे ७२५ तास होतो. ड मधून येणाऱ्याला मात्र अडीच तास लागतात. ब येथे ठेवले, तर एकूण प्रवास ७७५ तासांवर जातो, पण सर्वांत दूरच्या माणसालाही दीड तासच लागतो. आता नुसते ‘सर्वांना सारखे अंतर’ हे तत्त्व धरून शोधले, तर ब पासून ड च्या दिशेने पंधरा मिनिटांवर, भर रस्त्यात, असा बिंदू सापडतो की तेथून कोणालाही ७५ मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. ऐकायला हे फार न्याय्य वाटते. पण तेथे एकूण प्रवास ९७५ तास होतो, कारण कोणत्याही गावाचे लोक तेथे राहत नाहीत आणि प्रत्येकालाच गाडी काढावी लागते. हकिमी यांनी हेही दाखवले होते की एकूण प्रवास सर्वांत कमी करणारा बिंदू शोधताना जाळ्यातल्या गावांच्या आणि चौफुल्यांच्या गाठी तेवढ्या तपासल्या तरी पुरते. अधल्यामधल्या माळरानावर त्यापेक्षा चांगला बिंदू सापडत नाही. समान अंतराच्या मोहाने दोन शहरांच्या मधोमध मुख्यालय बांधण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा हा हिशेब पुढे ठेवावा.

माझ्या मते वरच्या उदाहरणात ब निवडणे शहाणपणाचे आहे. महिन्याला पन्नास तासांचा जादा प्रवास सोसून दूरच्या टोकाचा एक तास वाचतो, आणि टोकाकडची माणसेच मुख्यालयापासून तुटत जातात, असा अनुभव बहुतेक मोठ्या यंत्रणांना येतो. मात्र ही निवड मूल्यांची आहे, ती गणिताने सुटत नाही. गणित फक्त किंमत सांगते.

वर्षभरातल्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्या मुळात टाळता येतील, हेही याच टप्प्यावर विचारावे. दूरदृश्य बैठकांमुळे प्रशासकीय फेऱ्या बऱ्याच घटतात. मुद्देमाल, शस्त्रे, आरोपी आणि प्रशिक्षणार्थी यांच्या फेऱ्या घटत नाहीत. म्हणून पुढच्या पंचवीस वर्षांचा अंदाज करताना या दोन प्रकारांची बेरीज एकत्र करू नये.

नकाशावर आधी काट मारा

जागांना गुण देण्यापूर्वी अपात्र जागा बाद कराव्यात. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण धोक्याच्या जागेला बाकीच्या निकषांवर इतके गुण मिळू शकतात की धोका बेरजेत बुडून जातो.

पुराचा विचार सर्वांत आधी. ‘शंभर वर्षांतला पूर’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे, आणि पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या इमारतीसाठी ती शक्यता साठत साठत सुमारे ४० टक्क्यांवर जाते. म्हणून अत्यावश्यक इमारतींसाठी दरवर्षी ०.२ टक्के शक्यता असलेल्या, म्हणजे ‘पाचशे वर्षांतल्या’ पुराची रेषा धरण्याची पद्धत आहे. तिच्याबाहेर राहिले तरी पन्नास वर्षांतली शक्यता जवळजवळ १० टक्के उरते, हे लक्षात घ्यावे. इमारत कोरडी राहणे एवढ्याने भागत नाही. तेथे पोहोचवणारे रस्ते, वीज उपकेंद्र आणि कर्मचाऱ्यांची घरे कोठे आहेत, तेही त्याच नकाशावर पाहिले पाहिजे. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तेव्हा पोलिसांची संदेशयंत्रणा कोलमडली, आणि फौजदारी न्यायालयाच्या तळघरात ठेवलेले पुरावे भिजले. तळघर हे शस्त्रागाराला, मुद्देमाल कक्षाला आणि जनित्राला सुरक्षित वाटते, पण पाणी सर्वांत आधी तेथेच जाते.

भूकंपप्रवण भागात भूगर्भाचा अहवाल जमीन घेण्यापूर्वी मागवावा. भुसभुशीत, पाणी धरलेली वाळूची जमीन हादऱ्यात चिखलासारखी वाहू लागते, आणि मजबूत इमारतही मग कलते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात अशी जमीन मोठ्या प्रमाणात खचली. शहरातले मध्यवर्ती पोलीस ठाण्याचे उंच बांधकाम नुकसानीमुळे अखेर २०१५ साली पाडावे लागले. बऱ्याच देशांच्या बांधकाम संहितांत पोलीस आणि अग्निशमन दलाच्या इमारती सर्वांत वरच्या महत्त्वाच्या गटात धरल्या जातात, म्हणजे त्या नुसत्या उभ्या राहून चालत नाही, हादऱ्यानंतर वापरण्याजोग्या राहाव्या लागतात.

तिसरा धोका शेजाऱ्यांकडून येतो. रसायनांचे साठे, इंधनाच्या मोठ्या टाक्या, घातक मालाची वाहतूक करणारा लोहमार्ग आणि धरणाखालचा पट्टा यांच्यापासून दूर राहावे. या यादीत हल्ल्याचे लक्ष्य ठरू शकणाऱ्या इमारतीही येतात. न्यूयॉर्क शहराचे आपत्कालीन व्यवस्थापन केंद्र ‘सात, वर्ल्ड ट्रेड सेंटर’ या इमारतीच्या तेविसाव्या मजल्यावर होते. त्याच संकुलावर १९९३ साली बॉम्बहल्ला होऊन गेला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी ज्या दिवशी त्या केंद्राची सर्वांत जास्त गरज होती त्याच दिवशी सकाळी ते रिकामे करावे लागले, आणि संध्याकाळी ती इमारत कोसळली. केंद्र आतून उत्तम सज्ज होते. पत्ता चुकला होता.

वीज, पाणी, संदेश आणि रस्ते

या निकषांवर जागा पारखताना प्रत्येक गोष्टीला ‘दुसरी वाट आहे का?’ एवढेच विचारत जावे. आवाराला दोन निरनिराळ्या रस्त्यांवर उघडणारी दोन फाटके हवीत, आणि ते रस्ते पुढे जाऊन एकाच पुलावर किंवा एकाच रेल्वे फाटकावर मिळत नाहीत ना, हे पाहावे. वीज दोन स्वतंत्र उपकेंद्रांतून मिळू शकते का? संदेशवहनाच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे: दोन कंपन्यांची जोडणी घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या असे नाही, कारण दोन्ही कंपन्यांच्या तारा रस्त्याच्या एकाच चरातून गेलेल्या असू शकतात आणि एका खोदकामात दोन्ही तुटतात. तारांचे प्रत्यक्ष नकाशे मागवावेत, तोंडी आश्वासनावर विसंबू नये. जनित्रासाठी किमान ७२ तासांचे इंधन साठवता येईल अशी जागा हवी, आणि त्यानंतर येणारा इंधनाचा टँकर कोणत्या रस्त्याने येणार तेही ठरलेले हवे.

बिनतारी यंत्रणेसाठी आसपासच्या मनोऱ्यांपर्यंत मोकळी दृष्टिरेषा लागते. आज मोकळी असलेली रेषा शेजारच्या भूखंडावर वीस मजले उठल्यावर बंद होते, म्हणून विकास आराखड्यात शेजारी किती उंचीला परवानगी आहे, हेही पाहून ठेवावे.

सुरक्षितता की मोकळेपणा

१९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीमध्ये रस्त्यालगत उभ्या केलेल्या ट्रकमधील स्फोटाने सरकारी इमारत उद्ध्वस्त झाली आणि १६८ माणसे मेली. त्यानंतर रस्ता आणि इमारत यांमध्ये मोकळे अंतर ठेवण्याचा आग्रह जगभर वाढला. स्फोटाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो, त्यामुळे भिंत जाड करण्यापेक्षा अंतर राखणे स्वस्त पडते. पण हे अंतर गावाच्या मध्यात मिळत नाही, आणि गावाबाहेर कुंपणाआड गेलेले मुख्यालय सामान्य नागरिकाला किल्ल्यासारखे वाटू लागते. तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तीन तपासण्या पार करून दोनशे मीटर चालत जावे लागणार असेल, तर तो पुन्हा येणार नाही.

येथे पहिल्या पायरीतल्या तक्त्याचा उपयोग होतो. नागरिकांची ये-जा असलेल्या खिडक्या गावात, वाहतुकीच्या सोयीच्या ठिकाणी ठेवाव्यात. नियंत्रण कक्ष, शस्त्रागार आणि मुद्देमाल कक्ष आतल्या आवारात. दोन्ही एकाच भूखंडावर असतील तर नागरिकांचे प्रवेशद्वार आणि वाहनांचे फाटक वेगवेगळ्या रस्त्यांवर असावे.

शेजार निवडताना न्यायालय आणि कारागृह जवळ असणे आरोपींची ने-आण करणाऱ्या पथकांना सोयीचे असते. क्राइस्टचर्चने भूकंपानंतर न्यायालये, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका सेवा आणि नागरी संरक्षण यांना एकाच संकुलात आणले; ते २०१७ मध्ये सुरू झाले. समन्वयासाठी हे आकर्षक आहे, परंतु सगळी अंडी एकाच टोपलीत जातात, हेही तितकेच खरे. असे संकुल करायचेच तर बांधकाम सर्वोच्च दर्जाचे आणि पर्यायी केंद्र दुसरीकडे, या दोन्ही अटी पाळाव्या लागतील.

माणसे तेथे पोहोचतील का

चोवीस तास चालणाऱ्या एका खुर्चीला आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. माणशी ४० तास धरले तरी चार माणसे अपुरी पडतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण यांचा हिशेब केला की एका खुर्चीमागे पाच किंवा अधिक माणसे लागतात. तीस खुर्च्यांच्या नियंत्रण कक्षासाठी दीडशे माणसे हवीत, आणि ती रात्री दोन वाजताही येणारी-जाणारी असतात. रात्री सार्वजनिक वाहतूक नसलेल्या जागी ती सगळी स्वतःच्या वाहनाने येतील. पाळी बदलताना अर्धा तास दोन्ही पाळ्यांची वाहने एकाच वेळी आवारात असतील, म्हणून वाहनतळ पाळीतल्या माणसांच्या दुप्पट धरावा लागतो. मंजूर आराखड्यांत हा दुप्पटीचा हिशेब नेहमी हुकतो.

नियंत्रण कक्षातला अनुभवी कर्मचारी, न्यायवैद्यक तज्ज्ञ आणि संगणक विश्लेषक यांना बाहेर दुसरी नोकरी मिळू शकते. मुख्यालय तासभर लांब गेले, तर बदली होऊ शकणारा गणवेशातला अधिकारी जाईल, ही माणसे कदाचित जाणार नाहीत. स्थलांतराआधी या गटांना निनावी प्रश्नावली द्यावी, आणि किती जण सोडून जातील व नवे तयार व्हायला किती महिने लागतील, हे खर्चाच्या रकान्यात लिहावे.

गुणांआधी वजने

इथपर्यंत आल्यावर बहुधा चार-पाच जागा उरतात. निकषांना किती वजन द्यायचे हे जागांची नावे पाहण्यापूर्वी ठरवावे, त्यावर सह्या घ्याव्यात आणि तो कागद जपून ठेवावा. नावे आधी पाहिली, तर आवडत्या जागेला जिंकवणारी वजने सुचू लागतात. यात कोणाची बदमाशी असतेच असे नाही, मनच तसे वळते. मग गुण दिल्यावर प्रत्येक वजन थोडे वर-खाली करून पाहावे. प्रवासाचे वजन ३० ऐवजी २० धरले तरी तीच जागा पहिली येते का? येत असेल तर निकाल भक्कम आहे. येत नसेल, तर पहिल्या दोन जागांमधला फरक नगण्य आहे असे अहवालात स्पष्ट लिहावे आणि निवड कोणत्या एका कारणाने केली ते सांगावे. दशांश चिन्हापर्यंतचे गुण दाखवून खात्रीचा आव आणू नये.

मोफत देऊ केलेल्या जमिनीबाबत एक इशारा. ती मोफत का आहे, हे आधी विचारावे. उतार, भराव, जुना कचरा डेपो, वादातला मालकी हक्क, लांबून आणावे लागणारे पाणी, यांपैकी काहीतरी असते. पन्नास वर्षांच्या प्रवासाचा, इंधनाचा आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांचा खर्च मांडला की जमिनीची किंमत त्यात लहानशी दिसते.

गावांची ओढाताण

पोलीस प्रदेशांचे एकत्रीकरण होते तेव्हा हा प्रश्न सर्वांत धारदार होतो. डेन्मार्कने २००७ साली ५४ पोलीस जिल्ह्यांचे १२ केले, नॉर्वेने २०१६ साली २७ चे १२ केले. म्हणजे दोन्ही देशांत अनेक गावांनी आपले मुख्यालय गमावले. अशा वेळी गाव इमारतीबरोबर नोकऱ्या, भाडेकरू आणि थोडा मानही गमावते, आणि विरोध करणाऱ्यांना संकुचित म्हणून उडवून लावणे योग्य नाही.

तरीही भरपाई म्हणून मुख्यालय देऊ नये. नॉर्वेतील फिनमार्क जिल्ह्याचे मुख्यालय शिर्केनेस येथे आहे, जे नकाशावर अगदी पूर्वेच्या टोकाला, रशियाच्या सीमेजवळ येते. अंतराच्या हिशेबात ही जागा बसत नाही. सीमेवरची जबाबदारी हे त्या जिल्ह्याचे खास काम आहे, हे लक्षात घेतले की तिचे समर्थन करता येते. नियम मोडणारे कारण असावे, पण ते कामातून आलेले असावे. दुसरी वाट स्कॉटलंडमध्ये दिसते. तेथे १ एप्रिल २०१३ रोजी आठ दले एकत्र झाली, आणि मुख्यालय एडिनबरो किंवा ग्लासगो यांपैकी कोणत्याही शहरात न जाता टुलिअ‍ॅलन येथे, आधीपासून पोलीस महाविद्यालय असलेल्या आवारात आले. स्वतःच्या ताब्यातली चालू जागा वापरण्याचा हा पर्याय समितीच्या यादीत नेहमी पहिल्या ओळीत असावा. नव्या इमारतीच्या उत्साहात तो बऱ्याचदा तपासलाच जात नाही.

जागेवर जाऊन पाहणे

कागदावर जिंकलेल्या दोन जागांना किमान तीन वेळा भेट द्यावी: सकाळच्या गर्दीत, मध्यरात्री आणि जोराच्या पावसात. प्रत्येक गावाहून एक चालक खऱ्या वाहनाने, पाळी बदलायच्या वेळेला तेथपर्यंत येऊन दाखवू द्यावा. मोठी वाहने फाटकातून वळतात का, शाळा सुटण्याच्या वेळी रस्ता किती वेळ अडतो, आठवडी बाजार किंवा क्रीडांगण आवाराचे तोंड अडवते का, या गोष्टी उपग्रह चित्रात दिसत नाहीत. शेजारच्या जुन्या रहिवाशांना पाणी कोठपर्यंत आले होते ते विचारावे. पूररेषेच्या नकाशातली चूक बऱ्याचदा त्यांच्या घराच्या भिंतीवर दिसते. मालकी हक्काचा शोध, मोजणी आणि माती परीक्षण यांचे अहवाल हातात आल्याशिवाय नाव जाहीर करू नये, कारण जाहीर झाल्यावर माघार घेणे राजकीयदृष्ट्या जवळजवळ अशक्य होते.

पर्यायी कक्ष आणि स्थलांतर

मुख्य जागेबरोबरच पर्यायी नियंत्रण कक्षाची जागा त्याच ठरावात ठरवावी. ती इतकी दूर हवी की एकच पूर, एकच भूकंप किंवा एकच वीजबिघाड दोन्हींना गाठणार नाही, आणि इतकी जवळ हवी की कामावरची पाळी दीड-दोन तासांत तेथे जाऊन बसू शकेल. दोन्ही कक्ष एकाच नदीच्या काठावर असतील तर त्यांच्यात कितीही किलोमीटर असले तरी उपयोग नाही. पर्यायी कक्षात वर्षातून काही वेळा प्रत्यक्ष काम चालवून पाहावे. धूळ खात पडलेल्या कक्षातले संगणक नेमके गरजेच्या दिवशी सुरू होत नाहीत.

जुन्या मुख्यालयातून बाहेर पडताना नियंत्रण कक्ष सर्वांत शेवटी हलवावा. नवा कक्ष सुरू करून काही आठवडे दोन्ही कक्ष समांतर चालवावेत, आधी रात्रीच्या कमी गर्दीच्या पाळीत एका विभागाचे दूरध्वनी नव्या कक्षाकडे वळवावेत, मग एकेक करून बाकीचे. मुद्देमालाची हलवाहलव ही तर स्वतंत्र मोहीमच असते: प्रत्येक वस्तूची दोन्ही टोकांना नोंद, सील आणि सही हवी, नाहीतर ताब्याची साखळी तुटली असा आक्षेप न्यायालयात येतो आणि उभा खटला पडतो. शेवटचा दूरध्वनी वळल्यानंतरही जुन्या कक्षाची यंत्रणा काही महिने तशीच जोडलेली ठेवावी, आणि त्या इमारतीचा विक्री करार त्याआधी करू नये.